किलोमागं किती युनिट?

महाराष्ट्रातल्या यच्चयावत विजेच्या मीटरना उद्या वाचा फुटली, तर त्यांची पहिली तक्रार माझ्या मामेसासऱ्यांविरुद्ध असेल. एखाद्या माणसाकडे कोणी इतकं रोखून बघितलं असतं तर प्रकरण पोलिसांत गेलं असतं. मीटर बिचारे भिंतीला ठोकलेले, जाणार कुठे? मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. पासलीला त्यांची भाताची गिरणी होती. मोटर सुरू झाली की तांदळाकडे कमी आणि मीटरकडे जास्त बघत त्यांनी उमर काढली. एका पोत्यामागे किती युनिट गेले, एवढा एकच सवाल त्यांना आयुष्यात पडला. पुढे गिरणी थांबली, सवाल थांबला नाही. कोणाच्याही घरी गेले की पाण्याच्या तांब्याला हात लावण्याआधी ते मीटर कुठे आहे ते विचारतात. नसरापूरला माझ्या मेहुणीच्या लग्नात गुरुजी 'मुलीच्या मामांनी मुलीला आणावं' असं सांगून सांगून दमले, आणि मुलीचे मामा कार्यालयाच्या मागच्या बोळात मीटरच्या लाल दिव्याची लुकलुक न्याहाळत उभे. शेवटी त्यांना ओढत आणलं. भाचीचा दंड धरून तिला बोहल्यावर नेताना ते तिच्या कानात म्हणाले, "भोरच्या कार्यालयात केलं आसतं, तर निम्म्या विजेत झालं आसतं गं तुजं लगीन." ती रडत होती ती हसायला लागली आणि फोटो सगळे बिघडले.

त्यांच्या घरी जेवायला जायचं तर पोटाबरोबर डोळ्यांचीही तयारी लागते. बोलणं सुरू झालं की मामा उठून दिवा बंद करतात. "ऐकायला कशाला लागतोय उजेड?" फ्रिज दिवसातून एकदाच उघडायचा, आणि तोही मामींनी आतून काय काय घ्यायचं ते बाहेर उभं राहून आधी मोठ्यानं म्हणून दाखवल्यावर. मामी एकदा मला म्हणाल्या, "दूद नासलं, कोथमीर वाळली, पन जावयबापू, मीटर मातूर गार हाय." मामांना हे कौतुकच वाटलं.

मी वेल्ह्यात एका सरकारी कचेरीत लिपिक आहे. कुठल्या ते विचारू नका. एकदा वरून पत्र आलं, की भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या कचेऱ्यांच्या वीजवापराची तुलना करावी आणि जिथे जास्त असेल तिथे कपात करावी. आमच्या साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं आणि मी घरी तोंडातून चकार शब्द काढायच्या आत ते मामांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा सदरा घालून एसटीनं हजर, हातात लोंबता ताणकाटा. साहेबांचं म्हणणं सरळ होतं, दर खुर्चीमागे युनिट काढा. मामांना ते पटेना. "साहेब, खुर्ची काय पिकवती? गिरनीत आमी पोत्यामागं काडायचो. हापिसातनं काय निगतं? कागद. मंग कागदाच्या किलोमागं काडू." साहेब चांगले गृहस्थ, वयाचा मान राखणारे, त्यांनी दोन्ही काढा म्हणून सांगितलं. मग मी बिलं गोळा करत आणि मामा जावक कागदांची बोचकी काट्याला अडकवत आम्ही दोन्ही तालुके पालथे घातले. भोरच्या एका कचेरीतून त्या दिवशी नेमकी रद्दी निघाली, आणि ती कचेरी मामांच्या हिशेबात पहिली आली. आमचं बहुतेक काम ऑनलाईन. "ज्याला वजन न्हाई, ते काम न्हाई," असा मामांनी निकाल दिला. थोडक्यात, खुर्चीमागे काढा नाहीतर किलोमागे, आम्ही शेवटचे.

मामा पेटले. गळती शोधायची म्हणून ते कचेरीभर भिंती चाचपत फिरले आणि ती त्यांना व्हरांड्यात सापडली. तिथे सॉकेटची एक लांब पट्टी आहे. डोंगरावरच्या वाड्यांत वीज तेव्हा पाहुण्यासारखी यायची, त्यामुळे बाजाराला उतरलेली माणसं आधी आमच्याकडे मोबाईल लावत आणि मग कामाला जात. "हितं गळतंय साहेब!" मामा विजयानं ओरडले. साहेबांनी लगेच वायरमनला निरोप धाडला, की उद्या येऊन पट्टी काढून टाक. बाकावर वरच्या धनगरवाड्यातली एक म्हातारी बसली होती. पुण्यात टेम्पो चालवणाऱ्या तिच्या मुलाचा फोन त्या पट्टीच्या जिवावर यायचा. तिनं मामांना विचारलं, "मंग दादा, म्या फोन कुटं लावू?" मामांनी ताणकाटा उचलला आणि एसटी पकडली. त्या दिवशी मामा जेवले नाहीत आणि मीटरकडेही गेले नाहीत, असा मामींचा घाबऱ्याघाबऱ्या फोन आला.

सकाळी कचेरी उघडते न उघडते तोच टेम्पो आला. त्यातून मामांनी गिरणीतला पोती मोजायचा भलामोठा वजनकाटा उतरवला आणि कचेरीच्या दारात मांडला. "माजं चुकलं साहेब. हापिसातनं कागद न्हाई निगत, काम झालेली मानसं निगत्यात. त्यांचं वजन धरा!" साहेब काही बोलायच्या आत रांग लागली. फुकट वजन होतंय म्हटल्यावर ज्यांचं काहीच काम नव्हतं तेही कचेरीत शिरून बाहेर पडू लागले. साहेबांनासुद्धा मामांनी जेवणाच्या सुट्टीत निघताना काट्यावर चढवलं. एवढ्यात वायरमन स्क्रू ड्रायव्हर घेऊन पट्टीपाशी पोचला आणि इकडे दाखला हातात धरून ती म्हातारी बाहेर आली. तिच्या कडेवर आजारी करडू होतं. "ह्याला बी धरता का?" तिनं विचारलं. "धरतो तर! त्ये बी हापिसातनंच निगालंय," मामा म्हणाले. ती काट्यावर चढली आणि पट्टीला लावलेला तिचा फोन वाजला. ती उतरायला लागली तर मामा ओरडले, "हालू नका, काटा ठरंना!" शेवटी वायरमननंच फोन काढून तिच्या हातात दिला आणि करडू साहेबांनी घेतलं. रांग थांबली. म्हातारी काट्यावर उभ्याउभ्या मुलाशी बोलली, काय जेवला, कुठे निजतो, खोकला गेला का. बोलणं संपवून तिनं साहेबांना आपणहून सांगितलं, "पोरगं बरं हाय, साहेब." साहेब करडाला थोपटत राहिले. संध्याकाळी त्यांनी वायरमनला चहा पाजून परत पाठवलं. तक्त्यात आमची कचेरी शेवटचीच राहिली. शेऱ्यात साहेबांनी 'अभ्यागतांची सोय' असं लिहिलं. मामांच्या हिशेबात मात्र आम्ही दोन्ही तालुक्यांत पहिले आलो.

मामा-मामी आता पुण्याला लेकीकडे असतात. तिथले सगळे मीटर तळमजल्यावर कुलपात, किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन मामांना ओळखून आहे. मला त्यांची फार आठवण येते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत न चुकता त्यांचा फोन येतो. बायकोची चौकशी नाही, पावसापाण्याची नाही, पहिला प्रश्न, "जावयबापू, पट्टीला किती लागल्यात?" वरच्या वाड्यांत आता वीज बऱ्यापैकी टिकते, मोबाईल लावायला फारसं कोणी उतरत नाही. गोष्ट चांगलीच आहे, पण मामांना ती सांगायला माझी जीभ रेटत नाही आणि त्यांच्याशी खोटंही बोलवत नाही. म्हणून घड्याळात त्यांची वेळ झाली की मी चार्जर घेऊन व्हरांड्यात जातो, मोकळ्या पट्टीला माझा मोबाईल लावतो आणि त्यांचा फोन यायची वाट बघत बाकावर बसतो.

"एक लागलाय, मामा."

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणतात. "काडू नका."