चष्मेवालीचा जिना

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि चौथ्या मजल्यावरची चष्मेवाली तर जिन्याच्या हात धुवून मागे लागलेली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेमी बसवायच्या आणि संध्याकाळी पाठीवर वाळूची पिशवी बांधून जिना चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पिशवीच्या शिवणीतून वाळू गळायची ती नेमकी दुसऱ्या मजल्यावर, माझ्या दारात. झाडून झाडून मी मेटाकुटीला आले होते.

तिला तलावातल्या बेटापर्यंत पोहत जायचं होतं आणि न थांबता परत यायचं होतं. चाळिशीला टेकलेल्या बाईने हे काय खूळ डोक्यात घेतलंय, असं सगळेच म्हणायचे. पोहून पोहून तिचा खांदा धरला, तेव्हा प्रशिक्षकबाईंनी सांगितलं, की पाण्यातलं अंतर हळूहळू वाढव, तोवर दम जमिनीवर कमव. झालं! सकाळी सायकल, संध्याकाळी जिना. वाळूही मूठमूठ वाढत चाललेली.

वर दारात खुर्ची टाकून तिचे वडील बसलेले असायचे. उभा जन्म बस चालवली म्हणून आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचो. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ते खाली उतरले नव्हते. अंगाने नुसता हाडांचा सापळा, पण आवाज खणखणीत. लेक वर पोचली की ओरडायचे, "शाब्बास! अजून एक!"

एका संध्याकाळी मी झाडू हातात घेऊनच वर गेले, तिला चार शब्द सुनवायला. ती नुकतीच वर येऊन भिंतीला टेकली होती. काका पिशवीकडे बघत म्हणाले, "किती गं वजन झालं हिचं?"

"जवळजवळ तुमच्याएवढं, बाबा!" ती ऐटीत म्हणाली.

काका खो खो हसले. मग माझ्याकडे एकदा बघून, चोरट्यासारखे म्हणाले, "मग एखाद्या फेरीला मलाच ने की खाली. कटिंग करून येईन म्हणतो."

तीही हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

"बाबा, आधी का नाही बोललात?"

"तुझा सराव चाललेला. त्यात माझं लचांड कुठे?"

तिने पिशवी सोडली आणि पायरीवर बसली. मान काही वर होईना. मीही भांडण गिळून खाली आले.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना पाठुंगळी घेऊन खाली उतरवलं. लेकीच्या पाठीवर बसलेलं कोणी बघू नये म्हणून काकांनी टोपी डोळ्यांपर्यंत ओढली होती. समोरचा कटिंगवाला त्यांना बघून चाटच पडला. "काका! अहो, मला वाटलं..." एवढं बोलून त्याने जीभ चावली आणि उगाच कंगवा धुवायला घेतला. त्याला काय वाटलं होतं, ते तिला कळलं. काकांची कटिंग होईपर्यंत ती दुकानाबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

त्यानंतर वाळू बंद. रोज संध्याकाळी काका खाली, काका वर. अख्खी इमारत तिचे गोडवे गायला लागली. मीही एकदा म्हटलं, "लेक असावी तर अशी." तर तिने हात जोडले. "काकू, नका ना हो."

पुढे ती बेटाला जाऊन परत आली, न थांबता. इमारतीच्या अंगणात सत्कार ठेवला. सेक्रेटरींना माईक मिळाला म्हणजे बघायलाच नको. "या कन्येने जन्मदात्याला पाठीवर वाहून हा पराक्रम केला!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. काही बायकांनी तर पदर डोळ्यांना लावले.

तिने माईक घेतला. "खोटं आहे ते. मी वाळू वाहत होते."

"अगं, पुरे!" पहिल्या रांगेतून काका ओरडले.

ती थांबली नाही. "बाबा रोज दारात येऊन बसायचे. आणि इतके महिने मला वाटत होतं, की ते माझं कौतुक करायला बसतात."