पुस्तकात न बसलेलं डोकं

परभणीतल्या एका खासगी दवाखान्यात बन्सीधर एक्स-रे काढायचा. एकोणीसशे एक्याण्णव साली डॉक्टरांनी मेंदूच्या चित्रांचं एक परदेशी पुस्तक आणलं. त्यातलं एक चित्र बन्सीधरने पारदर्शक कागदावर नमुना म्हणून उतरवून घेतलं आणि त्या दिवसापासून तो स्वतःला मेंदूचा माणूस समजू लागला.

हैदराबादहून कुणी स्कॅनची फिल्म आणली की तो ती पंडितच्या फोटो स्टुडिओत नेई. कपाळापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी नमुन्याइतकी होईल असा फोटो पंडित मोठा करून देई. मग त्यावर नमुन्याचा कागद. रेघेबाहेर आलं ते अतिक्रमण, आत राहिलं ते तूट. डॉक्टरांना ही पद्धत फार आवडली, कारण त्यांना फिल्म बघावी लागत नसे.

बोरीचा आश्रुबा एसटीवर ड्रायव्हर होता. टपावरचं सामान बांधताना तो खाली पडला. महिन्याभरात ठणठणीत झाला, पण डोकं ठीक असल्याचं डॉक्टरांचं पत्र आणल्याशिवाय डेपो त्याला गाडी देईना. त्याच्या फोटोवर नमुना ठेवला, तर मेंदू दोन्ही बाजूंनी रेघेबाहेर. बन्सीधरने गंभीर चेहऱ्याने अतिक्रमण जाहीर केलं. पत्र अडलं, गोळ्या सुरू झाल्या.

आश्रुबाची आई चांगुणाबाई समजावून सांगू लागली की, गावची सुईण सगुणाबाई तान्ह्या लेकराचं डोकं तेल लावून मागून दाबते, म्हणून अख्ख्या बोरीची डोकी मागं चपटी आणि बाजूला रुंद असतात.

"पुस्तकात बोरी नाही," बन्सीधर म्हणाला.

पुढं बन्सीधरलाच चक्कर येऊ लागली. त्यानेही हैदराबादला जाऊन फिल्म काढून आणली. फोटोवर नमुना ठेवला. अतिक्रमण आश्रुबापेक्षा जास्त होतं. मेंदू बिघडलेल्या माणसाला डॉक्टर एक्स-रेच्या यंत्राला हात लावू देतील का? तो तडक स्टुडिओत गेला आणि पंडितला म्हणाला की, फोटो जरा कमी मोठा कर आणि त्याचा कागद यंत्राखाली तिरपा धर, म्हणजे चित्र फक्त लांबीत ताणलं जाईल. पंडितने धरला. नमुना चपखल बसला.

बाकड्यावर आश्रुबा बसला होता. उपचार सुरू असल्याचं डेपोला दाखवायला फोटोची प्रत घ्यायला तो आला होता. त्याने सगळं पाहिलं.

"माझा बी तसाच तिरपा धरा की, साहेब. तुमच्या मायचं म्हायेर बोरीचंच. तुमच्या वक्ताचं, पयलं बाळंतपण तिथंच झालं. आपुन दोघं एकाच सुइणीच्या हातचे हावोत."

बन्सीधरने पंडितला आश्रुबाचा फोटोही तसाच तिरपा काढायला लावला.

डॉक्टरांनी पत्रात लिहिलं, गोळ्यांनी मेंदू जागेवर आला. आश्रुबा सेलूची गाडी चालवू लागला. बन्सीधरला ते पत्र इतकं पटलं की चकरेसाठी त्याने त्याच गोळ्या सुरू केल्या.