काकांचं कॉफीचं मशीन

माझ्या आत्याच्या यजमानांइतका चालत्या वस्तूंचा वैरी उभ्या रत्नागिरीत दुसरा झाला नसेल. भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय म्हटल्यावर त्यांना संशय यायचा, आणि ते उतरवून मागचं झाकण काढल्याशिवाय घास घशाखाली उतरायचा नाही. पंचवीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस! ऐंशी सालानंतर कधीतरी ते घरी आले, ते पेटीतून एक इटालियन कॉफीचं मशीन घेऊन. पितळी बॉयलर आणि वर हातभर दांडा. दांडा ओढून सोडला की तान्ह्या पोराच्या बोंडल्याएवढ्या कपात काळी, दाट कॉफी उतरायची. निदान उतरावी असं काकांचं म्हणणं होतं. मी जातिवंत चहाबाज, पण दर रविवारी चव घ्यायला मलाच बोलावणं यायचं.

रविवारी माजघरात जुनं धोतर अंथरलं जाई. ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं स्क्रू, जाळी, स्प्रिंग, वॉशर त्यावर मांडले जात, आणि मग ते ओलांडायची कुणाची छाती नव्हती. बिचारी आत्या मागच्या दारानं वळसा घालून स्वयंपाकघरात जायची. एकदा वॉशर फाटला. इटलीचा वॉशर इथं कोण देणार? काकांनी आत्याच्या रबरी चपलेच्या टाचेतून नेमका गोल कापून बसवला. आत्याला ते कळलं देवळाच्या वाटेवर, पायात खडा रुतल्यावर. पुढचा महिनाभर आम्ही चपलेच्या वासाची कॉफी प्यायलो. शेवटी मिरकरवाड्याला मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीनं जाड रबराचा तुकडा दिला, तेव्हा आमची सुटका झाली.

दुसरी कथा क्षाराची. विहिरीच्या पाण्यानं बॉयलर आतून पांढरा पडला. तांब्याची भांडी आत्या कोकमानं लखलखीत करते हे बघून काकांनी बाटलीभर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आत ओतलं आणि उकळी आणली. बॉयलर आतून नव्या नवरीसारखा झाला खरा, पण आगळात मीठ असतं हे बोटीवर कोण शिकवणार? गणपतीपुळ्याचं दर्शन करून आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी ती गुलाबी, खारट कॉफी मुकाट्यानं संपवली आणि इटलीत अशीच करतात का, म्हणून अदबीनं विचारलं. काका म्हणाले, "प्रांताप्रांतावर असतं."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर नवरात्रात कंपनीचं पत्र आलं. आणखी दोन वर्षांसाठी बोटीवर या, म्हणून. आत्याचा चेहरा उतरला. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली, त्यातली जेमतेम चार दोघांनी एकत्र काढलेली. काकांनी पत्र वाचून फळीवर ठेवलं आणि सांगितलं, उघडं मशीन टाकून माणसानं बोट सोडायची नसते, तोच नेम घराला. हे मशीन एकदा धड झालं की मी निघतो.

त्यानंतर आत्या कॉफी पिऊ लागली. जन्मात कधी चहाखेरीज कशाला तोंड न लावलेली बाई! एक घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि काहीतरी खोट काढायची. कधी कडवट लागते, कधी जळका वास येतो, तर कधी कोमटच आहे. काका लगेच पाना घेऊन बसत. एका रविवारी मला कॉफी बरी लागली आणि मी बोलून गेलो. आत्यानं मला परसात गाठलं. "शहाणा आहेस. ते उघडं आहे तोवर हे घरात आहेत, एवढं कळत नाही होय रे तुला?" मला फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारपासून मीही नाक मुरडू लागलो.

असं शिमग्यापर्यंत चाललं. मग एका सकाळी काकांनी दांडा सोडला आणि घरभर असा वास सुटला की मीसुद्धा चहा विसरलो. काका कप घेऊन आत्यासमोर उभे. तिनं घोट घेतला. मी मनात म्हणतोय, बोल गो बाई, कडू आहे म्हण. पण काकांच्या तोंडाकडे बघून तिच्यानं खोटं बोलवेना.

"छान झालीय," ती म्हणाली. "आता जा तुम्ही."

काका तिच्या शेजारी पाटावर टेकले. "अगो, ती दिवाळीतच जमली होती. तू वास येतो म्हणालीस, म्हणून मी उघडत राहिलो. पत्राला उत्तर तेव्हाच टाकलंय, येत नाही म्हणून."

आत्या रडायलाच लागली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली की एवढं कडू औषध चार महिने मला का पाजलंत, आधी सांगायचं होतं. काका म्हणाले, सांगितलं असतं तर तू रोज माझ्याजवळ येऊन बसली असतीस थोडीच?

दोघंही आता नाहीत. मशीन माझ्याकडे आहे आणि कॉफी अगदी उत्तम होते. मी एकटाच पितो, आणि तीत काही खोट काढायला समोर कुणी नसतं.