बठ्ठ्यात टाक

नव्वदीच्या शेवटी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींवरून सीडी करून घ्यायचं खूळ खानदेशात आलं आणि धुळ्यातल्या एका स्टुडिओत ते माझ्या गळ्यात पडलं. जळगावहून, अमळनेरहून पिशव्या भरून कॅसेटी यायच्या. प्रत्येक कॅसेट पूर्ण चालवून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, मग सीडीला चालेल अशी तिची फाइल करायची. निम्मं काम झालं की हटकून वीज जायची. त्याच अक्षता, तीच रडारड. मला लग्न या गोष्टीचाच वीट आला होता.

शेवटी वैतागून मी एक स्क्रिप्ट लिहिली. काळ्या स्क्रीनवर एक शब्द टाइप केला की ती फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकामागून एक घ्यायची आणि बदलायची. गिऱ्हाइकांना आवडतं म्हणून मूळ आवाज काढून सिनेमाची गाणी चढवायची. डिस्कवर जागा नसायची, म्हणून मूळ फाइल पुसूनही टाकायची. तिला आणि त्या फोल्डरला मी नाव दिलं 'बठ्ठा'. आमच्या बोलीत बठ्ठा म्हणजे सगळा. मालकांना हे नाव इतकं आवडलं की नवी कॅसेट आली की ते बाहेरूनच ओरडायचे, बठ्ठ्यात टाक.

एका उन्हाळ्यात अमळनेरकडच्या खेड्यातून एक आबा मुलीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. कॅसेटला बुरशी आली होती. मालक पडद्याबाहेर त्यांच्याशी बोलले आणि आत डोकावून मला म्हणाले, "आबांचं बठ्ठं आहे." पुसून-बिसून ती कॅसेट मी कशीबशी एकदा चालवून घेतली, फाइल फोल्डरमध्ये ठेवली, एंटर मारला आणि चहाला गेलो.

सीडी न्यायला आले तेव्हा आबा दुकानातल्याच टीव्हीवर ती बघत बसले. थोड्या वेळानं त्यांनी आवाज वाढवायला सांगितला. गाणं आणखी मोठ्यानं वाजू लागलं. तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हिचा आवाज कुठे गेला, भाऊ?"

मग सगळा उलगडा झाला. त्यांची बायको जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. फोटो घरात होते, पण तिचा आवाज तेवढा या कॅसेटमध्ये होता. त्यांनी मालकांना बजावलं होतं, काही काढू नका, बठ्ठं राहू द्या. मालकांनी तेच मला सांगितलं आणि मी माझ्या भाषेत ऐकलं. कुणाला बोल लावणार? मला नुसता थकवा आला.

मूळ फाइल स्क्रिप्टनं पुसली होती. कॅसेट होती, पण पहिल्याच वेळी टेप दोनदा अडकली होती. पुन्हा लावली तर तुटेल, हे मी आबांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी कॅसेट हातात घेतली, परत माझ्यापुढे ठेवली आणि ते म्हणाले, लाव.

त्या दिवशी स्क्रिप्ट बंद ठेवली. बाकीच्या कॅसेटी खोळंबल्या, मालक घड्याळ बघत राहिले. आबा स्टुलावर, मी प्लेअरवर हात ठेवून. चित्रावर पांढऱ्या रेघा धावत होत्या. हळद झाली, पंगती झाल्या, पण तिचा शब्द काही नीट उमटेना. लोकांच्या गलक्यात सगळं बुडत होतं. आबांनी तरीही टीव्हीवरची नजर हलवली नाही.

पाठवणी आली. कॅमेरा मुलीच्या तोंडावर होता. चित्रात नसलेल्या एका बाईचा घोगरा, दमलेला आवाज अगदी जवळून आला, "पोरना बाप कोठे शे? बलावा त्यासले."

टेप तुटली नाही. कॉम्प्युटरनं तेवढं घेतलं. पाठवणीच्या वेळी आबा मांडवामागे जाऊन बसले होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मात्र ते स्टुलावरून अर्धवट उठले आणि टीव्हीकडे बघत हळूच तिला म्हणाले,

"आठेच शे मी."