समजलं म्हटलं होतं

त्या दिवशी धुळ्याच्या घरी आम्ही चौघं होतो. हे, मी, माझी सासू आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालू लागायला आलेली शेजारची अक्का. त्यातली आता मी एकटीच राहिले.

हे संस्कृतचे पंडित. जुन्या पोथ्यांचा अर्थ साध्या मराठीत लिहायचे. शाळेतून शिकवून आले की लिहायला बसायचे, कितीतरी वर्षं तेच. मी दुसरीपर्यंत शिकलेली, म्हणून पान झालं की आधी मला वाचून दाखवायचे. "तुला समजलं तर बठ्ठ्यांना, सगळ्यांना समजेल," म्हणायचे. मी नाही म्हटलं की पान फाडायचे. एकदा आत्म्याचं मला काही केल्या समजेना, तर त्यांनी लिहिलं, कंदिलाची काच काजळते, ज्योत काळी होत नाही. ते लगेच पटलं. काचा मीच पुसायची ना रोज.

पण नाही म्हटलं की दुपार जायची. धुणं राहायचं, पाणी राहायचं, सासूचे पाय चेपायचे राहायचे. मग मी कधीकधी न ऐकताच मान हलवायला लागले.

त्या दिवशी ते पुस्तकाचा शेवटचा भाग घेऊन अंगणात आले. चुलीवर ज्वारीचा घाटा रटरटत होता. गरम आहे तोवर कापडावर पसरला तरच बिबडे होतात. करपल्याचा वास आला तशी सासू म्हणाली, "तठे वेदान्त शिजस, आठे घाटा जयस." अक्का पदरात हसली. हे वाचतच होते.

"समजलं का?"

"समजलं."

"खरंच?"

"हो म्हटलं ना. सरका, चटका बसेल."

खूश होऊन आत गेले.

पुस्तक जळगावला छापलं. वर्षभरानं शिरपूरकडचा एक शेतकरी घर शोधत आला. दोनदा वाचलं होतं त्यानं. म्हणाला, "आबा, बठ्ठं समजनं, पन शेवटलं काही समजनं नही. मी पडनू अडानी."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाले, "चूक माझी आहे, भाऊ." आणि मला म्हणाले, "चहा ठेव."

त्यानंतरही ते लिहीत राहिले, पण मला कधी वाचून दाखवलं नाही. मीही खरं सांगितलं नाही. ते गेले.

आता मला नीट दिसत नाही. कोणाकडे ते पुस्तक असलं तर शेवटचा भाग मला वाचून दाखवा. सावकाश वाचा. समजलं नाही तर मी नाही म्हणेन.