चूपवहिनी

पडदा वर जातो तेव्हा भर दुपार आहे. खिडकीला जाड घोंगडी टांगलेली. आतल्या काळोखात सूतगिरणीतून रात्रपाळी करून आलेला नवरा घोरतोय आणि दाराबाहेर स्टुलावर बायको पहाऱ्याला. जिन्यात चप्पल वाजली की हिचं बोट ओठांवर. अख्ख्या इमारतीनं नाव ठेवलं, चूपवहिनी.

रात्रीचा प्रवेश वेगळा. सासूबाई उठून घरभर फिरायच्या, त्यांना पुन्हा निजवायचं. उजाडायच्या आत मुलाचा डबा. वीस वर्षं ही बाई झोपली ती तुकड्यातुकड्यांनी. पेंग आली की गुळाचा खडा तोंडात. पोट सुटलं, तहान वाढली.

"वहिनी, सासर मानवलं हं तुला!" नणंद चिमटा काढायची.

"मानवलं तर," ही म्हणायची. चिमटा लागायचाच नाही.

मग एकदा इस्त्रीला पाऊल टेकलं. फोड दिसला तो नवऱ्याला.

"अगं, भाजलं कधी?"

"भाजलं?" तिनं पायाकडे असं पाहिलं, जणू तो शेजारणीचा आहे.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. साखर भरमसाट.

"झोपता किती?"

"हे सहा-सात तास झोपतात. मुलगा..."

"अहो, तुम्ही!"

स्वतःबद्दलचं वाक्य चूपवहिनीच्या भूमिकेत कुणी लिहिलंच नव्हतं.

"झोप पुरली नाही की भूक भडकते, इन्सुलिनचा जोर ओसरतो, साखर रक्तातच साचते. सगळा दोष झोपेचा नाही, पण वीस वर्षं म्हणजे थट्टा नव्हे. गोळ्या घ्या, पथ्य पाळा आणि सलग झोपा. साखरेनं पाय बधिर झालाय, ती उतरली नाही तर जखम चिघळेल. पायाचं बोट काढावं लागेल."

तिला भीतीसुद्धा वाटली नाही. घरी येऊन ती स्वयंपाकाला लागली.

मुलानं मात्र आजीचं अंथरूण स्वतःच्या खोलीत नेलं, डबाही आपला आपण भरू लागला. नवऱ्यानं दिवसपाळीसाठी अर्ज केला आणि सुट्टीच्या दुपारी बायकोला आत पाठवून स्वतः स्टुलावर बसला.

ती पडून राहिली. डोळे मिटायचे कसे, तेच आठवेना.

"झोपलीस का गं?" बाहेरून कुजबुज.

"विचारत बसलात तर झोपेन कशी?"

मग धप्पकन आवाज. पेंगून नवऱ्याचं डोकं दारावर आपटलं होतं. चूपवहिनी भिंतीकडे सरकली, शेजारी जागा केली.

"अहो, आत या. नाहीतर तुमचीही साखर वाढेल. दाराला कडी घाला. आलेला थांबेल."