उंबऱ्यावरचा इंग्रजी उखाणा

आमच्या जळगावच्या घरात इंग्रजी वाक्प्रचारांचा शब्दशः अर्थ घेऊन हसणं हा जेवणाइतकाच नेमाचा कार्यक्रम होता. पेपर कसा गेला, असं वडिलांनी विचारलं की मी म्हणायची, "केकचा तुकडा." पाऊस लागला की दादा ओरडायचा, "काठी घ्या, कुत्री-मांजरी पडताहेत!" साखरपुड्याच्या दिवशी तो घाबरला, तेव्हा पाय गार पडले असतील म्हणून मी त्याच्यापुढे लोकरीचे मोजे ठेवले. आईला इंग्रजी येत नव्हतं. आम्ही हसलो की तिला वाटायचं, हे मलाच हसतात. आणि पुष्कळदा ते खरंही असायचं.

वहिनी पिंपळनेरची, अहिराणी बोलणारी. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिचा मला फोन आला. "ताई, माले इंग्रजीमा उखाणा लिखी द्या ना. तुमना घरमा बठ्ठा इंग्रजी बोलतस." तिला आमच्यात बसायचं होतं, एवढंच. मी इंग्रजीची एम.ए., कॉलेजात शिकवणारी. पण दादा मला सांगायचा ते सगळं आता तिला सांगायला लागला होता, आणि त्याचा मला भयंकर राग होता. मी तिला सांगितलं, माप ओलांडण्याला इंग्रजीत 'किक द बकेट' म्हणतात. तिने विश्वासाने पाठ केलं.

गृहप्रवेशाला उंबऱ्यावर तांदळाचं माप, समोर ओवाळायला आई, मागे सगळी भावकी. वहिनीने मान वर केली आणि खणखणीत म्हणाली, "आय किक द बकेट ॲट युवर गेट," मग दादाचं नाव घेऊन पुढची ओळही जुळवली. आम्ही चार-पाच शिकलेले फिस्सकन हसलो. दादासुद्धा. आपलं जमलं म्हणून तीही हसली. तेवढ्यात एका मावसभावाने शहाणपणा करून आईला अर्थ सांगितला, की नवी नवरी म्हणतेय, मी तुमच्या दारात मरते.

आईचा चेहरा उतरला. "कोणी शिकवलं तुला हे?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी साडीवरच्या अक्षता झटकत होते.

"मीच," ती म्हणाली.

पाचव्या महिन्यात वडील झोपेतच गेले. तेराव्याला बायकांच्या पंगतीत आई सगळ्यांसमोर म्हणाली, "ही अवदसा उंबऱ्यावरच मरण बोलून आली." मी वाढत होते, वाढत राहिले. माझं एक वाक्य पुरलं असतं.

मग ते घराला अंगवळणी पडलं. माझ्या लग्नात वहिनी स्वयंपाकघरात. माझ्या लेकीच्या बारशाला तिला पाळण्याला हात लावू दिला नाही. मी आईला अडवलं नाही, कारण अडवलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. मी भित्री आहे. त्याहून वाईट म्हणजे, मला त्याची सवय झाली.

शेवटची तीन वर्षं आई अंथरुणाला खिळून होती. तिचं हगणं-मुतणं वहिनीने काढलं. आईने शेवटपर्यंत तिच्याच हातचं खाल्लं आणि शेवटपर्यंत तिला अवदसाच म्हटलं.

परवा आईचं वर्षश्राद्ध झालं. भांडी आवरताना मी वहिनीला म्हणाले, "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आता काय, जिला सांगायचं ती राहिलीच नाही."

ती ताट पुसायची थांबली. इतक्या वर्षांत आमच्या घरात तिने तिची बोली काढली नव्हती.

"मी शे ना, ताई. माले सांगा."